जुनं सरप्लस टोकारेव्ह घेताय? खरेदीपासून पहिल्या फायरपर्यंत सगळं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना रेंजवर जायला लागल्यावर सरप्लसचं, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या जुन्या पिस्तुलांचं वेड लागतं, आणि मग पहिला प्रश्न हमखास हाच येतो की स्वस्तात मिळतंय, ग्रीसने बरबटलेलं आहे, घेऊ का? माझं उत्तर हो असंच असतं, पण नीट बघून घ्या आणि घरी आणल्यावर घाई करू नका. हे मी टोकारेव्हचं युगोस्लाव्ह रूप, एम ५७, धरून लिहितोय, कारण नवशिक्यासाठी ते मला सगळ्यात चांगलं वाटतं. मजबूत आहे, पार्ट कमी आहेत, आणि जुनाट दिसलं तरी आतून बऱ्याचदा खणखणीत निघतं.

आधी थोडं ते आहे काय ते सांगतो. सोव्हिएत टीटी-३३ हे फेदोर टोकारेव्हचं डिझाइन, आतली यंत्रणा जॉन ब्राउनिंगच्या पद्धतीची, म्हणजे बॅरलच्या खाली झुलणारी लिंक. युगोस्लाव्हियाने तेच घेऊन क्रागुयेव्हाट्सच्या झास्तावा कारखान्यात स्वतःचं काढलं, ग्रिप जरा लांब केली, आठऐवजी नऊ गोळ्यांचं मॅगझिन दिलं आणि मॅगझिन काढलं की ट्रिगर चालणार नाही अशी सोय केली. गोळी ७.६२ बाय २५, छोटी पण वेगवान, आवाज नी ज्वाळा दोन्ही भरपूर. बऱ्याच पिस्तुलांच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, युगोस्लाव्हियाचं राजचिन्ह असतं, सहा मशाली, सहा प्रजासत्ताकांच्या. तो देश आता नकाशावर नाही आणि पिस्तूल आपल्या टेबलावर आहे, मला तर हे चिन्ह बघूनच ते घ्यावंसं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय खाली जाऊ नका. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा डिपेंडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक किंवा गोळी जवळ बाळगणं तुम्हाला मुळात मना आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन्स, पण त्या अपवादात आपण नक्की बसतो का हे इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राला नाही, दुकानदाराला तर नाहीच. एका चुकीत ग्रीन कार्डची रांग, नोकरी, सगळंच जाऊ शकतं. आणि ग्रीन कार्डवाल्या मित्राने आपल्या नावावर घेऊन व्हिसावाल्याला द्यायची आयडिया कोणी सुचवली तर तिथेच थांबवा, त्याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि तो सरळसरळ गुन्हा आहे, तुरुंगात जायचा. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांच्या किंवा साडूच्या हातात फोटोपुरतंसुद्धा देऊ नका. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा डिपेंडंट व्हिसावर असेल तर तिजोरीची किल्ली किंवा कोड कोणाकडे आहे हासुद्धा कायद्याचा प्रश्न होतो, तेही वकिलालाच विचारून घ्या.

सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर साधा रस्ता असा. ऑनलाइन विकत घेतलं तरी पिस्तूल घरी येत नाही, ते तुमच्या गावातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे येतं, तिथे फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, मग हातात मिळतं. डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ लागतं. राज्याचे नियम याच्या वर. न्यू जर्सीत हँडगन घेण्यासाठी आधी पोलिसांकडून परमिट काढावं लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र लागतं, न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलाचं लायसन्स, आणि कॅलिफोर्नियाची तर वेगळीच तऱ्हा. टेक्सासमधल्या भावाने सांगितलं म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तसं करू नका.

जुन्या बंदुकांचा खरंच नाद लागला तर कलेक्टरचं लायसन्स काढता येतं, टाइप ०३, तीन वर्षांचे तीस डॉलर. त्यावर पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या बंदुका थेट घरी मागवता येतात, प्रत्येकीची नोंद वहीत ठेवावी लागते आणि धंदा करता येत नाही. 'मूळ रूपातल्या' हा शब्द लक्षात ठेवा, कारण आयात केलेल्या टोकारेव्हवर इथे आणताना वेगळा सेफ्टी खटका बसवलेला असतो, म्हणून ते या लायसन्सवर पाठवणार का हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्या. आणि पहिल्याच पिस्तुलासाठी हे लायसन्स काढायची गरज नाही, डीलरची ट्रान्सफर फी भरा नी मोकळे व्हा.

भारतात यातलं काहीही होत नाही बरं का. पुण्यात बसून वाचत असाल तर माहिती म्हणून वाचा, तिथे आर्म्स अॅक्ट १९५९ आहे, आणि इथलं पिस्तूल सुट्टीला जाताना बॅगेत टाकून न्यायचा विचार तर स्वप्नातसुद्धा नको.

खरेदीच्या वेळी काय बघायचं. फोटोवरून फसायला होतं, कारण ग्रीसचा थर असला की त्याखालचा गंजही दिसत नाही आणि चांगलं ब्लूइंगही (लोखंडावरचा निळसर-काळा संरक्षक थर) दिसत नाही. जमलं तर गन शोमध्ये किंवा दुकानात हातात घेऊनच घ्या. हातात घेतलं की मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. दुकानदाराने आत्ताच तपासलंय म्हणून सांगितलं तरी तुम्ही परत तपासा, त्यात कोणाचा अपमान नाही, उलट जाणकार दुकानदाराला ते आवडतं.

मग बॅरल. हे सावकाश करा, कारण बाकी सगळं बदलता येतं पण बॅरल खराब निघालं की व्यवहार फसला. स्लाइड मागे अडकवून ठेवा, चेंबरच्या बाजूने पांढऱ्या कागदाचा तुकडा सरकवा, त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा आणि तोंडाकडून आत बघा. ग्रीस असेल तर विचारून एक पॅच (कापडाचा छोटा तुकडा) फिरवून घ्या. आत चार पन्हळी गोल फिरत गेलेल्या दिसतील, त्यांच्या कडा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत. सगळीकडे धुरकट, करडी झाक असेल तर घाबरू नका, ती जुन्या पोटॅशियमवाल्या दारूगोळ्याची देणगी, अशी बॅरल्ससुद्धा सुरेख नेम धरतात. खड्डे दिसले, विशेषतः चेंबरजवळ, तर किंमत पाडून मागा. पण मधेच एक काळसर कडं दिसलं, रिंग असल्यासारखं, तर ठेवून द्या आणि पुढे चला. आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी मारली की बॅरल तिथे फुगतं, ती ही खूण.

नंतर फ्रेम, स्लाइड नी बॅरलवरचे नंबर जुळतात का बघा. जुळले तर चांगलंच, नाही जुळले तर वापरायला हरकत नाही, फक्त किंमत कमी हवी. स्लाइडला कुठे बारीक चीर आहे का बघा, विशेषतः पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या कोपऱ्यांत. मॅगझिनचे ओठ वाकलेले नकोत, आणि ते एम ५७ चंच आहे ना याची खात्री करा, सोव्हिएत किंवा रोमानियन आठ गोळ्यांचं मॅगझिन आखूड पडतं. दुकानात ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर पिस्तूल बिघडलंय असं समजू नका, मॅगझिन बाहेर आहे म्हणून चालत नाहीये, रिकामं मॅगझिन घालून बघा. आणि ट्रिगर दाबायच्या आधी मालकाला विचारा, ही रीत आहे.

घरी आणलं की त्याच दिवशी रेंजवर पळायचं नाही. सरप्लस पिस्तूल पूर्ण खोलून साफ केल्याशिवाय एकही गोळी मारायची नाही, यात माझ्याकडे सूट नाही.

सामान फार लागत नाही. मिनरल स्पिरिट्सचा डबा, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, जुने टूथब्रश, कापसाचे इअरबड्स, जुनी सुती बनियनं फाडून केलेल्या चिंध्या, .३० कॅलिबरचा ब्राँझ ब्रश आणि रॉड, चांगलं गन ऑइल, पितळी किंवा प्लास्टिकचा पंच, आणि एक पसरट अॅल्युमिनियमचा ट्रे जो परत स्वयंपाकघरात जाणार नाही. पेट्रोल वापरू नका. आपल्याकडे गॅरेजमध्ये पोरं पेट्रोलने पार्ट धुताना आपण पाहिलेलं असतं, पण त्याची वाफ बंद गॅरेजमधल्या वॉटर हीटरपर्यंत गेली की भडका उडतो. मिनरल स्पिरिट्ससुद्धा उघड्यावरच वापरायचं, आणि भिजलेल्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात न टाकता बाहेर पसरून वाळवायच्या.

काम सुरू करायच्या आधी गोळ्या त्या खोलीतून बाहेर. पिस्तूल परत रिकामं तपासा.

खोलायचं असं. उजव्या बाजूला, ट्रिगरच्या वर, एक चपटी स्प्रिंगची क्लिप दिसेल. ती मागे सरकवायची, मॅगझिनच्या बुडाची कड लावून सरकते, नाहीतर पितळी पंच. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, फ्रेमवर जन्माचा ओरखडा पडतो, आणि बाजारातल्या निम्म्या टोकारेव्हवर तो असतोच. क्लिप मागे गेली की उजवीकडून पिन दाबा, डावीकडून स्लाइड स्टॉप बाहेर येईल. आता स्लाइड बॅरलसकट पुढे ओढून काढा. आतली रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे ढकलणारी, दाबलेली असते, तिच्यावर अंगठा ठेवूनच सोडा, चष्मा डोळ्यावर हवाच. मग पुढचं बुशिंग (बॅरलच्या तोंडावरची कडी) फिरवून काढा, बॅरल बाहेर येतं. फ्रेममधला घोडा, त्याला अडवून धरणारा सिअर आणि त्यांच्या स्प्रिंगा हा सगळा एक वेगळा ठोकळा आहे, तो हाताने वर उचलला की निघतो. टोकारेव्हची ही गोष्ट मला फार आवडते, खंदकात चिखलात बसलेल्या शिपायालाही खोलता यावं असा विचार करून केलेलं काम आहे. तो ठोकळा मात्र पहिल्यांदा आणखी खोलू नका, तसाच धुवा.

ग्रिपला बाहेरून स्क्रू नाही म्हणून लोक गोंधळतात. मॅगझिनच्या पोकळीतून आत बघा, प्लास्टिकच्या पट्टीला आतून एक फिरणारी लोखंडी पट्टी धरून असते, ती फिरवली की एक ग्रिप सुटते, आणि त्या उघड्या बाजूने दुसरी. ग्रिपखाली गंज लपलेला असतो म्हणून त्या काढायच्याच. प्लास्टिकला अॅसिटोन किंवा ब्रेक क्लीनर लावू नका, साबणाचं कोमट पाणी पुरे. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत चला, जोडताना त्यांचाच आधार होतो.

आता ग्रीस. याला कॉस्मोलिन म्हणतात, पेट्रोलियमचं वंगण, वर्षानुवर्षं पडून राहिलं की थंडीतल्या तुपासारखं थिजतं आणि पिवळट-तपकिरी होतं. ते बघून वैतागू नका, त्यानेच ते लोखंड इतकी वर्षं वाचवलंय. आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने जाड थर खरवडा, मग लोखंडी पार्ट मिनरल स्पिरिट्समध्ये बुडवून थोडा वेळ विसरून जा. टूथब्रशने घासा, द्रव काळा झाला की ताजा घ्या. कोपऱ्यात चिकटलेलं निघत नसेल तर उकळतं पाणी ओता, ते वितळून वर तरंगतं. पाणी वापरलं तर लगेच, म्हणजे अगदी त्याच मिनिटाला, हेअर ड्रायरने वाळवून तेल लावायचं.

जिथे जास्तीत जास्त वेळ द्यायचा ती जागा म्हणजे फायरिंग पिनचं (गोळीच्या बुडावर ठोका मारणाऱ्या सुईचं) भोक. बाहेरून पिस्तूल लखलखीत दिसतं आणि या बोगद्यात पन्नास वर्षांपूर्वीचं ग्रीस तसंच असतं. ते घट्ट राहिलं तर दोन गोष्टी होतात. एकतर पिन मंद पडते, प्राइमरवर, म्हणजे गोळीच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर, नुसती टिचकी बसते नी गोळी उडत नाही. दुसरी गोष्ट धोक्याची, पिन पुढे येऊन तिथेच अडकते, टोक बाहेर राहतं, आणि स्लाइड पुढे येताना गोळी आपोआप उडू शकते. म्हणून पिन काढायला जमत असेल तर काढा, नसेल तर स्लाइडचा तो भाग स्पिरिट्समध्ये रात्रभर ठेवा, पिन मागून पंचने दाबत राहा, परत भिजवा, जोपर्यंत बाहेर येणारा द्रव स्वच्छ येत नाही आणि सोडल्यावर पिन स्वतःहून चटकन मागे जात नाही तोपर्यंत. शेवटी स्लाइड कानाजवळ धरून हलवा, काही पिस्तुलांत पिनचा बारीक खुळखुळाट ऐकू येतो. पिन मागे जात नसेल तर पिस्तूल गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, गोळी भरायची नाही. या बोगद्यात नंतर तेल भरू नका, कोरडाच बरा, नाहीतर परत घाण धरतो.

पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालीही असंच साचलेलं असतं, इअरबडने काढा. मॅगझिनचं बूड सरकवून आतली स्प्रिंग काढा नी नळकांडं आतून पुसा.

बॅरलसाठी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चेंबरकडून तोंडाकडे ढकला, मग पॅच, मग परत. पॅच हिरवट-निळा आला तर तांबं निघतंय, काळा आला तर दारूची काजळी. स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, आणि एक रात्र ओलं ठेवून सकाळी परत बघा, बऱ्याचदा आणखी निघतं.

गंजाबद्दल माझं मत ठाम आहे. तुमचं काम गंज थांबवणं, पिस्तूल नवं करणं नाही. लाल, भुसभुशीत गंज जिवंत असतो, तो काढायचा. काळसर, घट्ट बसलेला थर शांत असतो, त्याला हात लावायचा नाही. हलक्या लाल गंजावर भरपूर तेल टाकून चार शून्यांची सगळ्यात बारीक स्टील वूल घ्या, दाब अजिबात न देता फिरवा, पुसा, बघा. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा. गंज जास्त असेल तर फक्त लोखंडी, पूर्ण मोकळा आणि तेल काढलेला पार्ट डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा, लाल गंज काळा होतो, रसायनशास्त्राच्या भाषेत मॅग्नेटाइट, मग त्यावरची काजळी कोरड्या स्टील वूलने हलकेच झाडा. गंज काढायची ती जेलसारखी फॉस्फोरिक आम्लाची औषधं लावू नका, ती गंजाबरोबर ब्लूइंगही खातात आणि पिस्तूल पांढरं फटक पडतं. सँडपेपर, ड्रिलवरचं पॉलिशचं चाक, घरी लावायचं बाटलीतलं कोल्ड ब्लू, हे सगळं दूर ठेवा. होल्स्टरमधून काढून घालून झिजलेल्या त्या कडा, त्या कुणा सैनिकाच्या कमरेवरच्या वर्षांच्या आहेत, त्या पुसल्या की पैशातली किंमतही जाते नी बाकीचंही बरंच जातं.

रिकॉइल स्प्रिंग मात्र बदला. जुनी दमलेली असते, नवी स्वस्त मिळते, आणि ती थकली की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते.

जोडल्यावर तपासणी, अजूनही गोळीशिवाय. रिकामं मॅगझिन घाला. स्लाइड ओढा, ट्रिगर दाबा, घोडा पडतो का. आता ट्रिगर दाबूनच धरा, स्लाइड मागे ओढून पुढे जाऊ द्या, घोडा वरच राहायला हवा. ट्रिगर सोडा, टिक आवाज, परत दाबा, आता पडायला हवा. घोडा अंगठ्याने अर्ध्यावर आणा, तिथे अडकला पाहिजे, ट्रिगर दाबून सुटता कामा नये. बसवलेला सेफ्टी खटका लावा, दाबा, सोडा, मग खटका काढा, काढताना घोडा पडला तर पिस्तूल गनस्मिथकडे. तो खटका नीट चालला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, हे पिस्तूल चेंबरमध्ये गोळी ठेवून बाळगायचं नाही, कधीच. शंका काहीही असो, गनस्मिथला एकदा दाखवण्याचे पैसे वसूल असतात.

गोळ्या सुरुवातीला नव्या कारखान्यातल्या घ्या, सर्बियातल्या उझित्सेची पीपीयू किंवा चेक सेलिए अँड बेलो. जुन्या सरप्लस गोळ्या स्वस्त असतात पण त्यांचे प्राइमर बहुतेक करून कोरोझिव्ह, म्हणजे गंज आणणारे असतात, त्यांचा हिशोब शेवटी सांगतो.

रेंजवर डोळ्यांना चष्मा, कानाला संरक्षण, पिस्तूल कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून मारा. पुंगळी उचलून बघा, फुगलेली, फाटलेली नाही ना, प्राइमरवर ठोका मधोमध आहे ना. मग दोन गोळ्या. एका ट्रिगरला दोन्ही उडाल्या तर तिथेच थांबा, सिअर झिजलाय. दोन्ही नीट गेल्या की आणखी एकदा दोन, मग पूर्ण मॅगझिन. अंगठे स्लाइडच्या मागे नकोत. घरी येऊन काही खायच्या आधी हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, शिसं असतं.

आता कोरोझिव्ह गोळ्या. त्यांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे मीठ मागे राहतं, ते हवेतली ओल ओढतं आणि ह्यूस्टनच्या दमटपणात तर रातोरात गंज धरतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून नुसतं ऑइल मारून ठेवलं तर मिठावर तेल लावून ठेवल्यासारखं झालं. लोक खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे मारा म्हणतात, त्यातलं काम पाणीच करतं, अमोनियाचा काही चमत्कार नाही. बॅरल, बुशिंग, स्लाइडचं तोंड गरम साबणाच्या पाण्याने धुवा, गरम पाणी ओता म्हणजे लोखंड तापून लवकर वाळतं, मग नेहमीचं सॉल्व्हंट, मग तेल. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही.

ठेवायचं तिजोरीत किंवा कुलपाच्या डब्यात, गोळ्या वेगळ्या कुलपात, सोबत सिलिका जेलची पुडी. चामड्याच्या मूळ होल्स्टरमध्ये ठेवायचा मोह होतो कारण दिसतं झकास, पण चामडं ओल धरतं आणि त्यात कमावण्याची रसायनं असतात, होल्स्टर शेजारी ठेवा, पिस्तूल त्याच्यात नको. कोरोझिव्ह मारलं असेल तर आठवड्याभराने एकदा कोरडा पॅच बॅरलमधून फिरवून बघा, केशरी आला तर परत पाणी, परत तेल.